तेवीस मशीन्सवरून सुडो गेला: एका लॅबमधल्या यूजरमॉडचे प्रकरण

लिनक्सच्या कमांड्स इथे तोंडाने म्हणतो तशा देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या अर्थातच रोमनमध्ये करायच्या. पर्याय म्हणून 'जी' आला की तो कॅपिटल समजावा, स्मॉल असेल तिथे तसे सांगितले आहे. कॉलेजची आणि माणसांची ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

## पार्श्वभूमी

पुण्यातल्या एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयाची एम्बेडेड सिस्टिम्सची लॅब. २४ मशीन्स, सगळ्यांवर उबंटू २२.०४, नावे लॅब१ ते लॅब२४. प्रत्येक मशीनवर दोन खाती. 'लॅबॲडमिन' हे इन्स्टॉल करताना बनलेले पहिले खाते, म्हणून ते सुडो ग्रुपमध्ये, आणि सुडोचा, म्हणजे रूटच्या (सर्वाधिकारी प्रशासकाच्या) नावाने कमांड चालवण्याचा, अधिकार त्याच्याकडे. 'विद्यार्थी' हे नंतर ॲडयूजरने बनवलेले साधे खाते. रूटचा पासवर्ड उबंटूच्या प्रथेप्रमाणे लावलेलाच नव्हता, म्हणजे रूट म्हणून थेट लॉगिन बंद.

लॅबमध्ये आर्डुइनो ऊनो या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाचे २४ नग. त्यांतले सहा मूळ बनावटीचे, बाकीचे अठरा बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून आणलेले स्वस्त क्लोन, ज्यांच्यावर यूएसबीसाठी सीएच३४० ही चिप असते. स्केच (आर्डुइनोचा प्रोग्रॅम) लिहिणाऱ्याला दोन्ही सारखेच. लिनक्सला मात्र ते वेगळे दिसतात: मूळ बोर्ड /डेव्ह/टीटीवायएसीएम० म्हणून येतो, क्लोन /डेव्ह/टीटीवाययूएसबी० म्हणून.

या दोन्ही फायलींचा मालक रूट, ग्रुप डायलआउट आणि परवानगी ६६०. मालकाला आणि ग्रुपला वाचता-लिहिता येते, इतरांना काहीही नाही. 'विद्यार्थी' डायलआउटमध्ये नव्हता, त्यामुळे अपलोड दाबले की परवानगी नाकारल्याचा संदेश. यावर लॅबमध्ये वर्षभर एकच इलाज चालला होता: लॅब असिस्टंटने येऊन सुडो सीएचमॉड ६६६ मारायचे, म्हणजे ती फाइल सगळ्यांना वाचण्या-लिहिण्यासाठी खुली. केबल काढून लावली की ती फाइल नव्याने बनते आणि यूडेव्ह, म्हणजे उपकरण लागताच त्याचे नियम लावणारा प्रोग्रॅम, परवानगी पुन्हा ६६० करतो. मग कोपऱ्यातून हाक: "सर, परत एकदा ते सहाशे सहासष्ट मारा ना!"

गुरुवारी विद्यापीठाची प्रॅक्टिकल परीक्षा होती. बाहेरून परीक्षक येणार, त्यांच्यासमोर दर दहा मिनिटांनी पासवर्ड टाकत फिरणे बरे दिसले नसते. म्हणून मंगळवारी दुपारी ठरले, खात्यांनाच डायलआउट ग्रुप देऊन टाकायचा. निर्णय बरोबर होता.

## मंगळवारी काय केले

असिस्टंट सरांनी लॅब१ वर आधी चाचणी घेतली. यूजरमॉड ही खात्याची माहिती बदलणारी कमांड. दिली ती अशी: 'सुडो यूजरमॉड -जी डायलआउट विद्यार्थी'. कमांडने काहीच छापले नाही. युनिक्सच्या जगात बहुतेक कमांड्स काम झाले की गप्प बसतात. खात्याचे ग्रुप दाखवणारी 'आयडी विद्यार्थी' ही कमांड चालवल्यावर डायलआउट दिसला. विद्यार्थी खात्यातून लॉगआउट-लॉगिन करून हाताशी असलेला एक मूळ बोर्ड लावला, एलईडी लुकलुकवणारे स्केच चढले. चाचणी पास.

तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "डेमो मी लॅबॲडमिनमधून दाखवते, त्यालाही देऊन टाका." सरांनी लॅब१ वरून १ ते २४ असा फॉर लूप लिहिला: प्रत्येक मशीनवर 'एसएसएच -टी'ने (नेटवर्कवरून लॉगिन करून) जायचे, आधी विद्यार्थीसाठी आणि मग लॅबॲडमिनसाठी तीच कमांड द्यायची. पासवर्ड प्रत्येक वेळी हाताने टाकला. लॅब१७ चा पॉवर सप्लाय आठवडाभर जळालेला होता, तिथे जोडणी झाली नाही, लूप पुढे गेला. बाकी तेवीस मशीन्सवर एकही त्रुटी नाही. साडेपाचला लॅब बंद करून मामांकडे किल्ल्या दिल्या.

## अडचण

बुधवारी सकाळी रंगीत तालीम. क्लोन बोर्ड लावले, तर आर्डुइनोच्या मेन्यूत पोर्टच दिसेना. 'एलएसयूएसबी'मध्ये (जोडलेल्या यूएसबी उपकरणांच्या यादीत) १ए८६:७५२३ ही ओळ होती, म्हणजे चिप मशीनपर्यंत पोहोचत होती. पण टीटीवाययूएसबी० नावाची फाइल नव्हती. कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) म्हणणे पाहायला सरांनी 'सुडो डीमेसेज' दिले आणि उत्तर आले की लॅबॲडमिन सुडोअर्स फायलीत नाही, या घटनेची नोंद केली जाईल. (नोंद कोणाकडे, तर ज्याला आता गाठता येत नाही त्याच रूटकडे.)

दुसऱ्या मशीनवर तेच. तिसऱ्यावर तेच.

सुडोशिवाय लॉग पाहावा म्हणून 'जर्नलसीटीएल -के' चालवले. त्यात वर एक सूचना येते: तुम्हाला इतरांचे आणि सिस्टिमचे संदेश दिसत नाहीत, ते एडीएम किंवा सिस्टिमडी-जर्नल या ग्रुपमधल्यांना दिसतात. ही सूचना बहुतेक जण वाचत नाहीत. तिथे बसलेल्या अंतिम वर्षाच्या एका विद्यार्थिनीने वाचली आणि विचारले, "सर, लॅबॲडमिन एडीएममध्ये नसतो का?" असतो. निदान असायला हवा. 'आयडी' चालवले, तर यादीत दोनच नावे: लॅबॲडमिनचा स्वतःचा ग्रुप आणि डायलआउट.

## नेमके काय झाले होते

यूजरमॉडचा -जी हा पर्याय 'या ग्रुपमध्ये घाल' असे सांगत नाही. तो सांगतो, 'या खात्याचे पूरक ग्रुप (मुख्य ग्रुपखेरीजचे) म्हणजे एवढेच'. यादीत नसलेल्या प्रत्येक ग्रुपमधून खाते काढले जाते. भर घालायची असेल तर सोबत -ए लागतो, म्हणजे '-एजी'. ('-जीए' असे उलट लिहून चालत नाही, जीच्या लगोलग ग्रुपचे नाव यावे लागते. आणि स्मॉल जी तर वेगळेच काम करतो: खात्याचा मुख्य ग्रुप बदलतो आणि होम डिरेक्टरीतल्या जुन्या ग्रुपच्या फायलींचा ग्रुपही बदलून टाकतो.)

'मॅन यूजरमॉड'मध्ये हे पूर्ण वाक्यात लिहिलेले आहे. पण तेवढेही वाचायची गरज नव्हती. 'यूजरमॉड --हेल्प' दिले की एका पडद्यात सगळे पर्याय येतात, आणि -जीपुढे लिहिलेले असते: पूरक ग्रुपांची नवी यादी. 'नवी यादी' या दोन शब्दांत सगळे प्रकरण आहे.

मग चाचणी पास कशी झाली? 'विद्यार्थी' खात्याला पूरक ग्रुप एकही नव्हता. यादी पुसून नवी लिहिली काय आणि जुन्या यादीत भर घातली काय, रिकाम्या यादीवर दोन्हींचा निकाल एकच. लॅबॲडमिनकडे मात्र गमावण्यासारखे आठ ग्रुप होते. बोर्डाच्या बाबतीतही हेच घडले: ज्या बोर्डाचे पोर्ट कधी गायब होणारच नव्हते, त्याच मूळ बोर्डावर पोर्ट तपासले गेले.

आणखी एक बारीक गोष्ट. ग्रुपची यादी लॉगिनच्या वेळी प्रक्रियेला चिकटते, नंतर फाइल बदलली तरी चालू सत्रात जुनीच राहते. म्हणूनच 'लॉगआउट करून परत या' असे सांगतात. याची उलटी बाजूही तितकीच खरी: मंगळवारी लॅब१ वर ज्या टर्मिनलमधून लूप चालवला, त्यात लॅबॲडमिन संध्याकाळपर्यंत सुडो ग्रुपचाच सदस्य होता. सुडोही नेहमीच्या मांडणीत कर्नलकडचीच यादी पाहतो, त्यामुळे तिथे तो चालला असता. नुसते 'आयडी' चालू सत्राची यादी दाखवते, 'आयडी लॅबॲडमिन' फायलीतली. दोन्ही एकाखाली एक चालवली असती तर फरक तिथेच डोळ्यात भरला असता, आणि निदान लॅब१ मंगळवारीच वाचले असते. साडेपाचला मशीन बंद झाले आणि ते दारही.

## कोणते मार्ग समोर होते

पहिली सूचना अपेक्षित होती: फॉरमॅट मारा. तेवीस मशीन्स, प्रत्येकावर उबंटू, आर्डुइनो आणि बाकीची साधने पुन्हा, तेही परीक्षेच्या आदल्या दिवशी. लगेच बाजूला पडली.

'एसयू'ने रूट होणे शक्य नव्हते, रूटला पासवर्डच नाही. ग्राफिकल पासवर्ड-खिडकीतून काम करून घ्यायचा प्रयत्न झाला. पण त्या खिडकीमागचा पॉलिसीकिटही प्रशासक कोण हे सुडो ग्रुपवरूनच ठरवतो, त्यामुळे तिथेही नकार. दुसरे प्रशासक खाते एकाही मशीनवर नव्हते.

उरले दोन. लाइव्ह पेनड्राइव्हने सुरू करून डिस्क जोडायची आणि आतली /ईटीसी/ग्रुप दुरुस्त करायची; किंवा ग्रबच्या, म्हणजे सिस्टिम सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या, मेन्यूतून रिकव्हरी मोडमध्ये जाऊन रूटचे शेल घ्यायचे. डिस्क्स एनक्रिप्ट केलेल्या नव्हत्या, म्हणजे दोन्ही चालले असते. पेनड्राइव्ह दोनच होते आणि बायॉसमध्ये बूटचा क्रम बदलावा लागला असता. रिकव्हरी मोडला काही लागत नाही. तोच निवडला.

## दुरुस्ती

मशीन सुरू होताना जुन्या बायॉसवर शिफ्ट दाबून धरायचे, यूईएफआयवर एस्केप टिचकी मारल्यासारखे एकदा. एस्केप जास्त वेळा दाबले गेले तर मेन्यूऐवजी ग्रबचा काळा प्रॉम्प्ट येतो. तिथे अडकण्यापेक्षा कंट्रोल-आल्ट-डिलीट करून पुन्हा सुरुवात करणे सोपे. मेन्यूतून ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग रिकव्हरी मोड, मग रूट.

लॅब१ वर पहिलाच प्रयत्न फसला. यूजरमॉड म्हणाला, /ईटीसी/पासडब्ल्यूडीला कुलूप लावता येत नाही, नंतर प्रयत्न करा. हा संदेश फसवा आहे. वाचणाऱ्याला वाटते दुसरे कोणी तरी फाइल वापरते आहे. खरे कारण म्हणजे रूट फाइलसिस्टिम फक्त वाचण्यासाठी जोडलेली होती. 'माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /' दिल्यावर तीच कमांड चालली.

पण घाईत सरांनी फक्त सुडो ग्रुप परत दिला: 'यूजरमॉड -एजी सुडो लॅबॲडमिन'. सुडो आला, एडीएम आणि प्रिंटरचा एलपीॲडमिन नाहीच. मूळ यादी काय होती, हे कुणालाच पाठ नव्हते.

ती यादी प्रत्येक मशीनवर जपलेली होती. यूजरमॉड, ग्रुपॲड वगैरे मंडळी /ईटीसी/ग्रुप बदलण्याआधी तिची एक प्रत शेजारी ठेवतात. नाव तेच, शेवटी फक्त एक आडवी रेघ: '/ईटीसी/ग्रुप-'. मात्र ही प्रत एकाच बदलाची असते. लॅब१ वर घाईघाईने सुडो देताना तिच्यावर नवी प्रत लिहिली गेली होती, आणि त्या नव्या प्रतीत मोडलेली अवस्थाच होती. म्हणून लॅब२ वर रूट शेल मिळाल्यावर काहीही बदलण्याआधी 'डिफ /ईटीसी/ग्रुप- /ईटीसी/ग्रुप' चालवून दोन्ही फायलींतला फरक पाहिला. लूपमध्ये लॅबॲडमिनची कमांड शेवटची होती, त्यामुळे प्रत अगदी तिच्या आधीची निघाली. गेलेले ग्रुप आठ: एडीएम, सीडीरॉम, सुडो, डिप, प्लगडेव्ह, एलपीॲडमिन, एलएक्सडी, सांबाशेअर. फळ्यावर लिहून घेतले.

जुनी प्रत तशीच उचलून मूळ जागी ठेवावी का, यावर थोडी चर्चा झाली. नको ठरले: ग्रुपांची दुसरी फाइल /ईटीसी/जीशॅडो हिच्याशी तिचा मेळ राहिला पाहिजे, आणि लॅबॲडमिनला डायलआउट तर हवाच होता. यूजरमॉड दोन्ही फायली एकत्र सांभाळतो. यादी समोर आलीच होती, तर एलएक्सडी वगळला. लॅबमध्ये कंटेनर कोणी चालवत नाही, आणि त्या ग्रुपचा सदस्य म्हणजे व्यवहारात रूटच. सीडी ड्राइव्ह एकाही मशीनला नसताना सीडीरॉम का ठेवला, असे विचारता येईल; त्याने कुणाचे बिघडत नाही एवढेच उत्तर.

मग एकच ओळ सगळीकडे: 'यूजरमॉड -एजी', त्यापुढे सात नावे स्वल्पविरामाने जोडून, मध्ये एकही मोकळी जागा न सोडता, शेवटी लॅबॲडमिन. मोकळी जागा पडली की कमांडला पुढचे नाव खात्याचे वाटते. मग 'आयडी लॅबॲडमिन', फळ्याशी ताडायचे, रीबूट. सर, मॅडम आणि ती विद्यार्थिनी असे तिघे, प्रत्येकी सात-आठ मशीन्स. लॅब१ ला वीस मिनिटे गेली, उरलेल्यांना प्रत्येकी पाच-सहा. तासाभरात लॅब उभी राहिली.

## आणि क्लोनचे पोर्ट?

सुडो परत आल्यावर डीमेसेज वाचता आले. बोर्ड लागताच सीएच३४१ ड्रायव्हर टीटीवाययूएसबी० बनवत होता आणि पुढच्याच क्षणी ब्रेलटीटीवाय नावाचा प्रोग्रॅम ते उपकरण ओढून घेत होता. ब्रेलटीटीवाय हा ब्रेल डिस्प्लेसाठीचा प्रोग्रॅम. एका ब्रेल डिस्प्लेचा यूएसबी क्रमांकही १ए८६:७५२३ असल्याने उबंटू २२.०४ ला आर्डुइनोचा क्लोन म्हणजे ब्रेल डिस्प्ले वाटतो.

सर्वत्र मिळणारा सल्ला असा की हे पॅकेज काढून टाका. काम होते. पण सार्वजनिक लॅबमध्ये उद्या एखादा अंध विद्यार्थी स्वतःचा ब्रेल डिस्प्ले घेऊन बसला तर त्याचे काय? म्हणून /यूएसआर/लिब/यूडेव्ह/रूल्स.डी मधली ८५-ब्रेलटीटीवाय.रूल्स ही फाइल त्याच नावाने /ईटीसी/यूडेव्ह/रूल्स.डी मध्ये कॉपी केली आणि कॉपीत १ए८६/७५२३ च्या ओळीच्या सुरुवातीला हॅश लावून ती निष्क्रिय केली. नाव सारखे असले की ईटीसीमधली फाइल वरचढ ठरते, आणि पॅकेज अपडेट झाले तरी तिला हात लागत नाही. नंतर 'यूडेव्हॲडम कंट्रोल --रीलोड', केबल काढून पुन्हा लावली, पोर्ट आले. इतर ब्रेल डिस्प्ले पूर्ववत चालतील. अगदी याच क्रमांकाचा मात्र आपोआप ओळखला जाणार नाही. ही तडजोड फाइलमध्येच टिपण म्हणून लिहून ठेवली.

## निकाल

गुरुवारची परीक्षा वेळेवर सुरू झाली आणि सीएचमॉडसाठी कुणीही हाक मारली नाही. परीक्षकांना यातले काही कळले नाही.

त्यानंतर लॅबमध्ये तीन बदल झाले. प्रत्येक मशीनवर सुडो असलेले दुसरे खाते, ज्याचा पासवर्ड विभागप्रमुखांकडे बंद पाकिटात. ग्रुपमध्ये घालायचे तर 'ॲडयूजर विद्यार्थी डायलआउट' किंवा 'जीपासडब्ल्यूडी -ए विद्यार्थी डायलआउट' वापरायचे. या दोन्हींत यादी पुसायची सोयच नाही. तिसरा बदल ग्रबला पासवर्ड लावण्याचा, आणि त्यावर एकमत अजून नाही. ज्या दाराने लॅब वाचली तेच दार कुठल्याही विद्यार्थ्याला उघडे आहे, हा एका बाजूचा मुद्दा. पासवर्ड हरवला तर पुढच्या वेळी आपणच बाहेर, हा दुसऱ्या बाजूचा. पाकिटात एक पासवर्ड ठेवता येतो तर दोनही ठेवता येतील. तेव्हा पहिली बाजू जड वाटते.

## वेगळे काय करता आले असते

मूळ निर्णयालाच पर्याय होता. यूडेव्हच्या नियमात यूअॅक्सेस हा टॅग लावला तर मशीनसमोर बसून लॉगिन केलेल्या माणसाला त्या उपकरणाची परवानगी आपोआप मिळते, ग्रुपची भानगडच नाही. नियमाच्या फाइलचा क्रमांक ७३ च्या आत असावा लागतो, कारण हा टॅग ७३-सीट-लेट.रूल्स मध्ये अमलात येतो. ९९ क्रमांक दिलेले नियम इथे मुकाट्याने निकामी ठरतात. एसएसएचने लांबून बसणाऱ्याला मात्र याचा उपयोग नाही, त्यामुळे या लॅबला ग्रुपचा मार्गही चुकीचा म्हणता येत नाही.

मॅडमनी दुसरे खाते जोडायला सांगितले, तो क्षण खरा निर्णायक होता. कमांड तीच, फक्त नाव बदलले, म्हणून नवी चाचणी लागेल असे वाटले नाही. पण इथे कमांडचा परिणाम खात्याजवळ आधी काय आहे यावर अवलंबून होता. चाचणी लॅबॲडमिनवर, एका मशीनवर, दुसऱ्या टर्मिनलमध्ये रूटचे शेल उघडे ठेवून व्हायला हवी होती: 'आयडी लॅबॲडमिन' आधी, 'आयडी लॅबॲडमिन' नंतर, आणि मग नव्या लॉगिनमधून 'सुडो -व्ही'. सगळे मिळून दोन मिनिटे. लूपमध्येही शेवटी 'आयडी लॅबॲडमिन' जोडले असते तर लॅब१ चेच उत्तर पाहून लूप कंट्रोल-सीने थांबवता आला असता.

मदत शोधण्याबद्दल. सरांनी कमांड आठवणीतून लिहिली होती, मॅन पान उघडले नव्हते. बहुतेकांची अडचण पान लांब असण्याची असते. पान उघडून तिरकी रेघ आणि पर्यायाचे अक्षर दिले की थेट तिथे जाता येते, एनने पुढचा उल्लेख, क्यूने बाहेर. कमांडचे नावच आठवत नसेल तर 'ॲप्रोपोस ग्रुप'. सीडीसारख्या, शेलच्या पोटातल्या कमांडला मॅन पान मिळाले नाही तर 'हेल्प सीडी'. एखादी कमांड कुठल्या जातीची आहे हे 'टाइप' सांगतो. फाइलच्या मांडणीसाठी 'मॅन ५ ग्रुप'. यातल्या एकालाही इंटरनेट लागत नाही, आणि परीक्षेच्या दिवशी लॅबचे इंटरनेट बंदच असते. पुढच्या सत्राच्या पहिल्या प्रॅक्टिकलला आता हाच भाग ठेवला आहे, यूजरमॉडचे --हेल्प वाचून -जी आणि -एजी यांतला फरक स्वतःच्या शब्दांत लिहिण्याच्या प्रश्नासकट.

लॅब१७ ला पंधरा दिवसांनी नवा पॉवर सप्लाय बसला. सुरू केल्यावर सुडो तिथे ठणठणीत होता. विद्यार्थ्याने बोर्ड लावला आणि परवानगी नाकारल्याचा संदेश आला.